येशू म्हणजे मोठा भगत नव्हे

सलाम ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडून काही निसटू नये म्हणून तुम्ही विचारलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमचं माहेर पेठ तालुक्यातलं, आणि आजोबा गावचे भगत, म्हणजे झाडपाला देणारे, भूतबाधा उतरवणारे. चार वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या घराच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली सापडली. तेव्हापासून बारावीतली मुलगी रात्री दचकून उठते, छातीवर कोणीतरी बसलंय आणि हातपाय हलत नाहीत असं सांगते. अंबडला साहेबांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या ऑर्डरी आटल्या. मग ओळखीतून एक प्रार्थना करणारे भाऊ आले. पिढीजात शाप आहे, भगताच्या घराण्यातला आत्मा राग धरून आहे, एकवीस दिवस तेल लावावं लागेल, असं ते म्हणाले आणि अकरा हजार सांगून गेले. तुमचा संशय जावेवर आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, "प्रभूवर विश्वास आहे, तरी भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास खोटा का?"

तेल घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण पत्र पोचेपर्यंत भाऊ पुन्हा येऊन गेले तर पंचाईत.

आता विश्वास खोटा का, ते. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात शिष्य रात्री नावेत आहेत, वारा उलटा आहे आणि येशू पाण्यावरून चालत येतो. त्याला पाहून शिष्य घाबरून ओरडले, "भूत आहे!" ही तर त्याच्याबरोबर जेवणारी, झोपणारी माणसं. त्याच दिवशी पाच भाकरींत पाच हजार लोक जेवलेले त्यांनी पाहिले होते, आणि तरी अंधारात त्यांना प्रभूच भुतासारखा दिसला. त्यावर येशू काय म्हणाला? "धीर धरा, मी आहे, भिऊ नका." तुमचा विश्वास खोटा आहे, असं तो म्हणाला नाही. अल्पविश्वासी हा शब्द त्यानंतर येतो, पेत्र हा शिष्य पाण्यावर चालायला उतरून बुडू लागला तेव्हा त्याच्यासाठी, आणि तोसुद्धा त्याचा हात धरल्यावर. आधी धरलं, मग रागावला. भीती वाटणं हा पराभव नव्हे, ताई. भीतीचं ऐकून तुम्ही कोणाच्या दारात जाऊन उभ्या राहता, प्रश्न तिथे आहे.

अडतीस वर्षं पाळकाचं, म्हणजे पास्टरचं, काम केलं. नाशिक शहर, दिंडोरीकडची खेडी, सुरगाण्याच्या डोंगरातल्या वाड्या, सगळीकडे मला एक गोष्ट वारंवार दिसली. माणूस बाप्तिस्मा घेतो, देव्हारा उतरवतो, दारावर क्रूस लावतो आणि लिंबू-मिरची बांधायचा त्याच खिळ्याला तो क्रूस टांगतो. खिळा तोच राहतो. उशीखाली पूर्वी बिब्बा असायचा, आता नवा करार असतो. पूर्वी भगत मोरपीस फिरवायचा, आता भाऊ तेल लावतात. पूर्वी कोंबडं द्यावं लागायचं, आता पाकीट. मनातला हिशोब मात्र बदललेला नसतो: बाहेर एक शक्ती माझ्या वाईटावर आहे, तिच्यापेक्षा वरचढ शक्ती मला पैसे, शब्द किंवा वस्तू देऊन आपल्या बाजूला वळवायची आहे. असं धरलं की येशू फक्त एक मोठा भगत होतो. आणि मोठ्या भगताच्या पुढे कधीतरी त्याहून मोठा भगत निघतोच, म्हणून भीती काही जात नाही.

शास्त्रातच याचा दाखला आहे आणि तो जरा गमतीदारही आहे. प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय. इफिस शहरात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भुतं काढायचा धंदा करायचे. प्रेषित पौल येशूच्या नावाने भुतं काढतो हे पाहून त्यांनीही ते नाव मंत्रासारखं वापरायला घेतलं. तेव्हा त्या भूतग्रस्तातल्या आत्म्याने उलट विचारलं, येशूला ओळखतो, पौलही ठाऊक आहे, तुम्ही कोण? मग त्या एका माणसाने सातही जणांना असं बडवलं की उघडेनागडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव बरोबर होतं, उच्चारही बरोबर असेल, पण त्या नावाच्या मालकाशी त्यांची ओळख नव्हती. त्याच अध्यायात पुढे लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून सर्वांसमोर जाळली, किंमत भरली पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी. ती विकून पैसे गरिबांना द्यावेत असं कोणी सुचवलं नाही. त्यांच्या लेखी ती विकण्याजोगी वस्तूच उरली नव्हती.

तुम्ही लिहिलंय की स्तोत्र ९१ कागदावर लिहून मुलीच्या उशीखाली ठेवलंय. ते सुंदर स्तोत्र आहे, मलाही पाठ आहे. पण अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी सैतानाने येशूपुढे कुठलं वचन म्हटलं, आठवतंय? हेच, ९१ वं. देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, मार उडी. म्हणजे ज्याला पळवायला आपण ते उशीखाली ठेवतो, त्याला ते आपल्याआधी पाठ आहे. कागद काढा आणि ते स्तोत्र मुलीबरोबर मोठ्याने वाचा. रात्री झोपताना, घाई न करता, अर्थ कळेल असं. कागद पहारा देत नाही, ज्याच्याविषयी तो बोलतो तो देतो.

आणि ती बाहुली? तुम्ही अजून ती पिशवीत घालून गॅलरीत ठेवलीय, "टाकायची कुठे" म्हणून. सकाळी घंटागाडी आली की टाका. लिंबू ओल्या कचऱ्यात, बाहुली सुक्यात. मी थट्टा करत नाही. पाण्यात सोडायची, तिठ्यावर ठेवायची, मागे वळून पाहायचं नाही, हा सगळा विधी म्हणजे त्या वस्तूला दिलेला मान आहे. पाव किलो चिंध्या आणि एक लिंबू, यांना महानगरपालिकेच्या गाडीपलीकडे मान नको. फक्त टाचण्या आधी काढून घ्या, सफाई कामगाराच्या हाताला टोचतील.

आता मुलीचं. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे.

नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका खेड्यात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पडायचा, डोळे फिरायचे, तोंडाला फेस यायचा. घरच्यांनी रात्री बोलावलं. मी तरुण, आवाज मोठा, अंगात उत्साह. पहाटेपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवून ओरडत होतो, नीघ म्हणून सांगत होतो. मुलगा दमून झोपला की आम्हांला वाटायचं सुटला. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी तो चुलीवर पडला आणि हात भाजला. तेव्हा दवाखान्यात नेलं, तिथे फेफऱ्याचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. त्याच्या हातावरचा तो डाग मी नंतर कित्येक रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी पाहिला, कारण भाकर घ्यायला तो तोच हात पुढे करायचा. त्याने किंवा त्याच्या आईने मला कधी शब्दाने दुखावलं नाही. पुढे मत्तयाचा चौथा अध्याय वाचताना मी थबकलो. लोकांनी येशूकडे कोणाला आणलं, त्याची यादी तिथे आहे: भूतग्रस्त, फेफऱ्याचे रोगी आणि पक्षघाती. वेगवेगळे शब्द, वेगवेगळी माणसं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाला फरक कळत होता, आणि मी तो एका आरोळीत पुसून टाकला होता.

तुमच्या मुलीचं वर्णन मला ओळखीचं वाटतं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्न पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखं धावत सुटलो असतो. कधी कधी भान आधी येतं आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, हातपाय बंद, छातीवर दडपण, खोलीत कोणीतरी असल्याचा भास. काही सेकंद, फार तर काही मिनिटं, आणि संपतं. झोप अपुरी असेल, वेळा अनियमित असतील, ताण असेल, माणूस उताणा झोपत असेल, तर हे जास्त होतं. बारावीची मुलगी, रात्री दीडपर्यंत अभ्यास, त्यानंतर मोबाईल, आणि घरात सगळे कुजबुजत "करणी, करणी" म्हणताहेत. आणखी काय हवं? तिला डॉक्टरांना दाखवा. अगदी भूत आहे असं धरलं, तरी डॉक्टरांकडे गेल्याने देवाचं काही अडत नाही. आणि तिच्यासमोर तो शब्द बंद करा. तिला एवढंच सांगा की असं पुष्कळांना होतं, झालं की हळूच बोटं हलवायचा प्रयत्न करायचा आणि मनात प्रभूचं नाव घ्यायचं. प्रभूचं नाव कशासाठी? त्या क्षणी ती एकटी नाही हे तिला आठवावं, एवढ्यासाठी. मंत्र म्हणून नव्हे.

तुम्ही म्हणाल, पाळकसाहेब, मग तुम्ही दुष्ट आत्मे मानतच नाही का? मानतो. येशू मानत होता, मी न मानणारा कोण? अडतीस वर्षांत दोन प्रसंग असे पाहिले, ज्यांचा उलगडा मला ना डॉक्टरांकडून मिळाला, ना पुस्तकांतून. ते मी व्यासपीठावरून कधी सांगितले नाहीत, इथेही सांगणार नाही. अशी गोष्ट सांगितली की श्रोत्यांना तेवढीच आठवते. उपदेश विसरतात, भूत घरी घेऊन जातात.

मार्कच्या पाचव्या अध्यायातला गरसेकरांच्या प्रांतातला माणूस पाहा. कबरांत राहायचा, साखळ्या तोडायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा. त्याच्यात इतके आत्मे की स्वतःचं नाव विचारलं तर उत्तर आलं, "सैन्य." आणि ते सैन्य येशूपुढे काय करतं? विनवण्या. या प्रांतातून घालवू नको, डुकरांत जाऊ दे. डुकरांत शिरायलासुद्धा परवानगी लागते! ईयोबाच्या पुस्तकातही तेच: सैतानाला आधी विचारावं लागतं आणि कुठवर जायचं याची रेघ त्याला आखून दिली जाते. आपल्याकडच्या गोष्टींत वेताळ, मुंजा, हडळ यांचं स्वतःचं राज्य असतं. अमावास्या त्यांची, पिंपळ त्यांचा, तिन्हीसांज त्यांची. शास्त्रात त्यांच्या नावावर एक झाडही नाही. दिवसही देवाचा, रात्रही त्याचीच. सर्वपित्रीसुद्धा, ताई.

याच गोष्टीत एक वाक्य आहे ते सहसा कोणी थांबून वाचत नाही. तो माणूस कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, शांत बसलेला लोकांनी पाहिला, "आणि त्यांना भीती वाटली." वेडा असताना त्यांनी त्याची सवय करून घेतली होती. बरा झाल्यावर घाबरले आणि येशूला म्हणाले, आमच्या गावातून जा. दोन हजार डुकरं बुडाली होती, तोही हिशोब असणार. भीतीची सवय होते. ती गेली की घर रिकामं वाटतं आणि माणूस दुसरी भीती आणून बसवतो. येशूने झाडूनलोटून ठेवलेल्या रिकाम्या घराचा दृष्टांत सांगितला, जिथे एकाच्या जागी आठ आत्मे येऊन राहतात, तो मला नेहमी इथेच आठवतो.

आजोबांविषयी. ते वारले, तुम्ही त्यांचा मार्ग सोडलात, म्हणून त्यांचा आत्मा राग धरून आहे, हे त्या भाऊंनी तुम्हांला सांगितलं आणि तुम्हांला ते लागलं. तुम्ही लिहिलंय की आजोबा जंगलातून करवंदं आणायचे, ताप आला की रात्रभर उशाशी बसायचे. मग ते मेल्यावर नातीच्या मुलीच्या छातीवर कशाला बसतील? लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत आणि लाजराच्या गोष्टीत मेलेल्या श्रीमंताला आपल्या भावांना नुसता निरोप धाडायचा असतो, तोसुद्धा त्याला धाडता येत नाही. मेलेली माणसं देवाच्या हातात आहेत, भटकत नाहीत. आजोबांचा न्याय तोच करील, तुम्ही किंवा मी नाही. त्यांच्याविषयी वाईट बोलण्याची तुम्हांला गरज नाही. त्यांना झाडपाला कळत होता, त्याबद्दल आभार मानायला हरकत नाही.

मृतांच्या भीतीचं निघालंच आहे, तर आपल्याच गावची एक गोष्ट. तुम्ही ज्या शरणपूर रोडवरून उपासनेला येता, ते शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून ते नाव. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहून शिकायची, सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावी वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती या शरणपुरात शिकलेल्या जेकबने, आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. मग मीठ लावून सुकवलेलं शरीर घेऊन ते किनाऱ्याकडे निघाले, कित्येक महिन्यांची पायपीट. वाटेत एका ठिकाणी प्रेत गावातून नेऊ देईनात, भीतीपोटी. तेव्हा त्यांनी प्रेत परत पुरायला पाठवल्याचा देखावा केला आणि खरं शरीर कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे नेलं. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. या माणसांना भीती वाटली नसेल असं मी म्हणत नाही. प्रेत शेजारी ठेवून रानात काढलेल्या रात्री कशा गेल्या असतील, कोण जाणे. पण आपण ज्याचे आहोत त्याच्या जिवावर त्यांनी ती वाट काढली. शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलात की कधी तरी हे आठवा.

आता जावेचं. तुमच्या पत्रातला सगळ्यांत भारी भाग मला हाच वाटला, लिंबापेक्षा भारी. तुम्ही तिला विचारलेलं नाही, पाहिलेलं नाही, पण दोन महिने तिच्याकडचं पाणी पीत नाही. ताई, करणी खरोखर कोणी केली असेल, तर तिचं काम झालं: दोन घरं तुटली. कोणी केली नसेल, तर ते काम तुम्ही स्वतःच पूर्ण केलंत. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात लिहिलंय की विनाकारण दिलेला शाप उडत्या चिमणीसारखा असतो, येऊन बसत नाही. संशयाला मात्र आपण दाणे टाकतो, म्हणून तो बसतो. डोंगराकडच्या वाड्यांत डाकीण ठरवलेल्या बायांचं काय होतं ते मी पाहिलंय. सुरुवात नेहमी अशीच असते, कोणीतरी कोणाच्या तरी हातचं पाणी पिणं बंद करतं. आणि समजा, तिनेच केलं असेल. तरी येशूने शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, उतारा करायला नाही.

तेलाविषयी कोणीतरी तुम्हांला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दाखवील, म्हणून आधीच सांगतो. हो, तिथे तेल आहे. आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मंडळीचे वडील, म्हणजे ज्यांना तुमचं घर माहीत आहे, जे उद्याही भेटतील. दर नाही, एकवीस दिवस नाहीत, बाटली नाही. शिवाय २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे. भूत काढण्याच्या नावाखाली कोणी बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. तिथे बायबल हातात आहे की मोरपीस, हे कोणी विचारणार नाही. प्रार्थना करायला कायद्याची आडकाठी नाही.

वर्कशॉपचं मला फारसं कळत नाही. पण अंबडमधल्या आपल्या मंडळीतल्या आणखी दोघांच्या ऑर्डरी याच काळात आटल्या आहेत आणि त्यांच्या दारात लिंबू नव्हतं. साहेबांना त्यांच्याशी बोलू द्या.

येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी आणि आमच्या सौ. तुमच्याकडे येतो. तेल आणणार नाही, चिवडा आणीन. मुलीला अभ्यासातून तासभर सुट्टी द्या, स्तोत्र तिलाच वाचू दे. आणि जाऊबाईंना चहाला बोलवा. माझं नाव सांगा हवं तर, म्हणावं पाळकसाहेबांना तुमच्या हातचा चहा प्यायचाय. त्या आल्या तर तुम्ही फक्त कप पुढे करा आणि त्यांच्याबरोबर प्या.